दाखला हातात देण्याआधी

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची होते. दहा वाजेपर्यंत पत्रे तापतात आणि मधल्या सुट्टीतच माठातले पाणी संपते. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की लहान मुले दप्तर उडवत घरी पळतात. आठवीच्या मुली मात्र रेंगाळतात. एकमेकींच्या वह्यांत नावे लिहितात, कोपऱ्यात फुले काढतात, मेंदीची नक्षी काढतात. कारण आठवीनंतर आमच्या शाळेत वर्ग नाही. नववीसाठी तालुक्याला जावे लागते.

मराठवाड्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मी बरीच वर्षे शिकवते. वर्षअखेर म्हटली की आम्हा शिक्षकांपुढे कामांचा डोंगर असतो. पेपर तपासा, निकालपत्रके भरा, जुनी पुस्तके जमा करून घ्या, 1 मे रोजी झेंडावंदन झाल्यावर प्रगतिपत्रके वाटा. या धांदलीत एक गोष्ट आमच्या हातून निसटत होती. ती लक्षात आणून दिली एका मुलीने.

काही वर्षांपूर्वी मेच्या पहिल्या आठवड्यात तिचे अब्बा दाखला न्यायला आले. मी सहज विचारले, "कुठल्या शाळेत घालताय, भाई?" ते म्हणाले, "बघू मॅडम, तालुक्याला टाकू." मी दाखला लिहिला, मुख्याध्यापकांनी सही केली, शिक्का मारला. दिवाळीच्या सुट्टीत आठवडी बाजारात ती दिसली. गळ्यात काळी पोत, हातभर हिरव्या बांगड्या. मला पाहून आधी लाजली, मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, भूगोलाचं पुस्तक जमा करायचं राहिलं होतं. माझ्याकडंच आहे. ठेवू का?"

मी "ठेव बेटा" एवढेच म्हणू शकले.

दोन वर्षे, दोन शेवट

आपल्या मुलांच्या आयुष्यात दोन वर्षे एकाच वेळी चालू असतात. एक शाळेचे, जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेर संपणारे. दुसरे मदरशाचे. बहुतेक मदरशांत शाबान महिन्यात इम्तिहान होतात आणि शव्वालमध्ये नवे वर्ष सुरू होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो. 2025 मध्ये रमजान जवळजवळ पूर्ण मार्च महिना होता आणि 31 मार्चला ईद झाली. म्हणजे रोजे, ईद, वार्षिक परीक्षा आणि शव्वालमधली लग्ने, सगळे एकापाठोपाठ आले. घरात पाहुणे, बोलण्यात सोयरिकी आणि त्याच वेळी आठवी संपवून मुलगी रिकामी झालेली. धोका नेमका इथे असतो.

मुलाने कुरआन शरीफ पहिल्यांदा वाचून पूर्ण केले की आपण घरात आनंद करतो. नवे कपडे, मिठाई, नातेवाइकांना बोलावणे, दुआ. पण त्या दिवशी कोणी मुलीला असे सांगत नाही की, झाले, आता वाचणे बंद. उलट आपण म्हणतो, आता रोज तिलावत करत जा. पूर्ण होणे म्हणजे थांबणे नव्हे, हे आपल्या घरात मुलांना असे न सांगताच कळते. मग आठवी पूर्ण झाल्यावर आपण वेगळे का वागतो? ज्या दीनमध्ये वहीचा पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे 'वाच' असा आहे, ज्यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आपल्यापर्यंत आल्या त्या हजरत आयेशा (रजि.) सहाबांनाही शिकवत होत्या, त्या दीनच्या घरात हा प्रश्न पडायलाच नको.

इथे कायद्याचाही एक बारकावा पालकांनी समजून घ्यावा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना पहिली ते आठवी मोफत आणि सक्तीचे शिक्षण दिले. तोवर मूल शाळेत आले नाही तर आम्ही घरी जातो, विचारतो, नोंद ठेवतो. आठवी संपली की कायद्याचा हा हात सुटतो. पुढे फक्त घरच्यांचा हात राहतो. तो घट्ट असेल तर मुलगी पुढे जाते, सैल असेल तर मेच्या सुट्टीत हरवते.

शेवटच्या तीन महिन्यांचा अभ्यास

त्या बाजारातल्या भेटीनंतर आम्ही शाळेची वर्षअखेर बदलायची ठरवली. नवे काही आणले नाही. जे कार्यक्रम होतच होते, त्यांचे तोंड पुढच्या शाळेकडे वळवले.

जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात मुलींनी एक छोटे नाटक बसवले, सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांच्यावर. सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्यामुळे शाळेच्या कामाचा भार तिच्यावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. मुलींनी तेवढ्यावरच नाटक उभे केले. फातिमा एकटी शाळा उघडते, झाडते, हजेरी घेते. समोर आया बसल्या होत्या. एकीने नंतर विचारले, "ही खरंच होऊन गेली का, की मुलींनी रचली?" होऊन गेली, भाभी.

फेब्रुवारीत बालआनंद मेळावा. मुले घरून भेळ, भजी, सरबत, खजूर आणतात आणि मैदानात दुकाने मांडतात. पूर्वी मजा झाली की संपले. आता प्रत्येक दुकानाने हिशेब लिहायचा. एका मुलीने भज्यांचा हिशेब आणला. साहित्य 260 रुपये, विक्री 415 रुपये, नफा 155. मी विचारले, "तेल आणि गॅस?" "ते घरचंच होतं ना, मॅडम." "मग ते फुकट आलं का?" ती खाली बसली, अम्मीला विचारून 70 रुपये मांडले. नफा 85 वर आला. तिचे अब्बा हातगाडीवर फळे विकतात. ते मागे उभे राहून ऐकत होते. हसत म्हणाले, "मॅडम, एवढा हिशोब तर मी पण करत नाही. माल सडतो तो धरतच नाही मी." त्या दिवसापासून रात्री गाडी लावल्यावर बापलेक मिळून हिशेब लिहू लागले.

मार्चमध्ये, रोजे असले तरी, मराठीच्या तासाला एकच धडा घेतो, अर्जलेखन. उर्दू माध्यमातल्या आमच्या मुलांना नववीत मराठी कागदांना तोंड द्यावे लागते. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या हाताने मराठीत अर्ज लिहायचा, 'शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत'. मग आम्ही जनरल रजिस्टर वर्गात आणतो. ज्या जाडजूड वहीत पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी आपले नाव लिहिले गेले, ती वही मुले पहिल्यांदा पाहतात. आपली ओळ शोधतात आणि चुका सापडू लागतात. रजिस्टरमध्ये मुमताज, आधार कार्डावर मुमताजबी. कुठे शेख, कुठे शैख. जन्मतारीख एका ठिकाणी 1 जून, दुसरीकडे नोव्हेंबर.

या चुका लहान वाटतात, पण दहावीच्या प्रमाणपत्रावर, पुढे पासपोर्टवर आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर त्या अडतात. मूल शाळेत असताना दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार जिकिरीची होते.

जातीच्या रकान्याचेही तसेच. महाराष्ट्रात बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण बऱ्याच घरांत शाळेत नाव घालताना नुसते 'मुस्लिम' लिहिले गेले. ओबीसी प्रमाणपत्रासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो सहसा दादांच्या किंवा चुलत दादांच्या शाळेच्या नोंदीत सापडतो. म्हणून मुलांना गृहपाठ दिला, दादा कुठल्या शाळेत गेले होते ते विचारून या. काही घरांत या गृहपाठामुळे जुनी पेटी उघडली गेली.

"आता बडी हो गई ना"

एप्रिलमध्ये पालकसभा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच 75 टक्के पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला. या महिला सदस्यांनाच आम्ही पुढे केले. मौलाना साहेबांनी जुम्याच्या बयानानंतर सभेची सूचना दिली आणि स्वतःही आले.

अडचणी सगळ्यांना माहीत असलेल्याच होत्या. "मॅडम, अब बडी हो गई ना. नऊ किलोमीटर कोण नेणार?" "खर्च कुठून करू?" "शिकली तर तेवढं शिकलेलं स्थळ कुठून आणू?" या अडचणी खोट्या नाहीत. त्यांवर भाषण देऊन उपयोग नसतो. एकेक सोडवावी लागते.

बसचा प्रश्न घ्या. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. हे निम्म्या पालकांना ठाऊकच नव्हते. खर्चाचा प्रश्न घ्या. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना ती देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. पुढचेही सांगितले. जुलै 2024 पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. तेव्हा रजिस्टरमधल्या त्या जातीच्या रकान्याची किंमत सगळ्यांच्या लक्षात आली.

लग्नाबद्दल मात्र स्पष्ट बोलावे लागले. मुलीचे वय 18 पूर्ण होण्याआधी लग्न लावणे हा 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि 1098 या क्रमांकावर कोणीही कळवू शकते. ही धमकी म्हणून सांगितली नाही. मौलाना साहेबांनीच पुढे जोड दिली, "निकाहमध्ये मुलीची रजामंदी लागते. तेरा-चौदा वर्षांचं लेकरू कशाला रजामंदी देतंय, त्याला कळतं तरी का?" सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

सर्वांत उपयोगी ठरली एक साधी गोष्ट. निकालाआधी आठवीच्या मुली आणि त्यांच्या आया, सगळ्यांना एसटीने तालुक्याच्या हायस्कूलमध्ये नेले. आयांनी वर्ग पाहिले, पाण्याची सोय पाहिली, स्वच्छतागृहाचे दार लागते का ते स्वतः लावून पाहिले. बाई शिक्षिका किती आहेत ते मोजले. परतताना एक भाभी म्हणाली, "मी लग्नाआधी बसमध्ये एकटी कधी बसले नव्हते. म्हणून भीती वाटत होती. आता रस्ता कळला."

नव्या वर्गातली हजेरी

गेल्या वर्षी आठवीत अकरा मुली होत्या. जूनमध्ये आम्ही तालुक्याच्या शाळेत जाऊन हजेरी पाहिली. नऊ जणी वर्गात होत्या, भज्यांचा हिशेब करणारीही. एक मुलगी घरच्यांबरोबर भिवंडीला गेली. तिथल्या शाळेत फोन करून प्रवेश झाल्याची खात्री केली. उरलेल्या एकीच्या घरी तीनदा गेलो. चहा मिळाला, आदर मिळाला, होकार मिळाला नाही. पण लग्न थांबले. आता ती घरी अभ्यास करते आणि 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थिनी म्हणून दहावीला बसणार आहे. नववीची पुस्तके आम्हीच तिच्याकडे पोहोचवली. ती जमा करायची नाहीत, असेही सांगितले.

वाचकहो, आपल्या घरात, मोहल्ल्यात यंदा कोणी आठवी किंवा दहावी पूर्ण करत असेल तर निकालाची वाट पाहू नका. आजच शाळेत जाऊन रजिस्टरमधले नाव, जन्मतारीख, जात तपासा. पुढची शाळा मुलीला आणि तिच्या अम्मीला दाखवून आणा. शेजारच्या दोन-तीन मुली एकत्र जातील असे जमवा. एकटीला बसमध्ये बसवायला काळीज घाबरते, चौघी असल्या की घाबरत नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. तिथे आम्ही वर्षानुवर्षे सवयीने लिहीत आलो, 'पुढील शिक्षणासाठी'. भूगोलाचे पुस्तक ठेवून घेतलेल्या त्या मुलीच्या दाखल्यावरही माझ्या हाताने हेच लिहिलेले आहे. आता पुढच्या शाळेचे नाव विचारल्याशिवाय, आणि तिथे फोन केल्याशिवाय, मी ते दोन शब्द लिहीत नाही.