सरकारी दवाखान्यात हयगय झाली तर भरपाई कोणाकडे मागायची?



आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा पाठ आहे. दिवाणी आणि फौजदारी कायद्यातला फरक आपण मुलांना शिकवतो, ती पाठ करतात, पेपरात लिहितात. पण हा फरक प्रत्यक्षात कधी लागतो, हे मला एका पालकाने शिकवलं. शाळा सुटल्यावर ते व्हरांड्यात थांबले होते. घरात बाळंतपणानंतर बाईची तब्येत फार बिघडली होती आणि आता ती कायमची अधू झाली होती. ते म्हणाले, "सर, दवाखाना सरकारी. पैसे तर भरलेच नाहीत आम्ही. मग भरपाई कोणत्या तोंडानं मागायची?"

हा प्रश्न आपल्या भागात पुष्कळांच्या मनात असतो. विष्णुपुरी म्हटलं की नांदेडच्या माणसाला गोदावरीवरचं धरण आठवतं, विद्यापीठ आठवतं आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मोठा दवाखाना आठवतो. नांदेडच नव्हे, हिंगोली-परभणीचे आणि तेलंगणाच्या सीमेवरचेही पेशंट तिथे येतात. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला तिथे २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली. त्यांत १२ नवजात बाळं होती. दुसऱ्या दिवशी आकडा ३१ वर गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांत चौकाचौकात एकच वाद चालायचा: चूक डॉक्टरांची की व्यवस्थेची? त्याचा निवाडा आपण इथे करणार नाही. आपण एवढंच पाहू, की कोणत्याही सरकारी दवाखान्यात खरोखर हयगय झाली, तर सामान्य माणसाला कोणता रस्ता आहे.

आधी एक गैरसमज काढू. पेशंट बरा झाला नाही किंवा वारला, म्हणजे हयगय झाली असं कायदा मानत नाही. त्याच जागी साधारण कौशल्याचा दुसरा डॉक्टर असता तर त्याने जी काळजी घेतली असती, ती घेतली गेली का, एवढंच पाहतात. या विषयातला सर्वोच्च न्यायालयाचा जुना आणि अजूनही सांगितला जाणारा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे, 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले', १९६८. कोकणात समुद्रकाठी अपघात होऊन मांडीचं हाड मोडलेला वीस वर्षांचा मुलगा पुण्यात आणला होता. पूर्ण भूल न देता, जोर लावून हाड बसवलं गेलं आणि तो धक्क्याने गेला, असं कोर्टाने मानलं. घटना १९५३ ची, भरपाई ३,००० रुपये. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, तरीही त्यांना पंधरा वर्षं लागली.

आता त्या पालकाच्या प्रश्नाकडे येऊ. पैसे भरले नाहीत म्हणून हक्क गेला का?

याचं उत्तर आपल्या मराठवाड्यातल्याच एका खटल्यात आहे. जुलै १९६३. औरंगाबादचं सरकारी रुग्णालय, मेडिकल कॉलेजला जोडलेलं. एक बाई १० तारखेला बाळंत झाली, मुलगा झाला. १३ तारखेला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. लगेच जोराचा ताप आणि पोटात असह्य दुखणं सुरू झालं. नवऱ्याने १५ तारखेला दुसऱ्या विभागातल्या सर्जनला दाखवलं. त्यांनी पोट पुन्हा उघडून पाहायचा सल्ला दिला, पण तसं लगेच झालं नाही. १९ तारखेला टाके उघडले तेव्हा आत कापडी टॉवेल राहिलेला सापडला, पू झालेला होता. २४ जुलैला ती गेली. दहा दिवसांपूर्वीपर्यंत धडधाकट असलेली बाई.

नवरा आणि मुलं कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरवला आणि शेवटी २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला. खटल्याचं नाव 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. जन्मलेलं बाळ निकालाच्या दिवशी बत्तीस वर्षांचं झालं होतं. मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुलं आपोआप वजाबाकी करतात आणि गप्प होतात.

या निकालातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. सरकारचं म्हणणं असं, की आम्ही राज्य चालवतो, आमच्यावर असा दावा चालत नाही. कोर्ट म्हणालं, दवाखाना चालवणं हे लोककल्याणाचं काम आहे, राजसत्तेचं नव्हे. नोकराने हयगय केली तर मालक म्हणून सरकार जबाबदार. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. नेमका कोणत्या डॉक्टरच्या किंवा नर्सच्या हातून टॉवेल राहिला, हे पेशंटच्या घरच्यांनी सिद्ध करायची गरज नाही. बेशुद्ध पडलेल्या माणसाला ते कसं कळणार? सगळे सरकारचेच नोकर, तेव्हा जबाबदारी सरकारची.

मग ग्राहक आयोगात जाता येईल का? इथे जरा लक्ष देऊन वाचा, कारण बरेच जण इथेच चुकतात. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवलं, की पैसे घेऊन केलेले उपचार ही 'सेवा' आहे आणि पेशंट हा ग्राहक आहे. पण जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तो दवाखाना या कायद्याबाहेर. केसपेपरचे दहा-वीस रुपये भरले म्हणून माणूस ग्राहक होत नाही. मात्र जिथे काही जणांकडून पैसे घेतात आणि गरिबांना फुकट तपासतात, तिथे फुकटवालाही ग्राहक धरला जातो. विमा कंपनीने बिल भरलं असेल, तरीही. म्हणून एखाद्या तपासणीची, खोलीभाड्याची, कसलीही पावती असेल तर ती फेकू नका. तुमची केस कोणत्या बाजूला पडते हे कधी कधी त्या कपट्यावर ठरतं.

खाजगी दवाखान्याच्या बाबतीत मार्ग सरळ आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार, मुदत दोन वर्षं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही.

सगळंच मोफत देणाऱ्या सरकारी दवाखान्यासाठी मात्र दिवाणी कोर्ट. दाव्याआधी सरकारला दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते, ती जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. मृत्यू झाला असेल तर दाव्याला साधारण दोन वर्षांचीच मुदत मिळते, त्यामुळे 'वर्षश्राद्ध होऊ द्या मग बघू' असं करू नका. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या अटीवर.

आणि खाटच मिळाली नाही, डॉक्टरच नव्हते, तर? कलकत्त्यात १९९२ मध्ये रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला आणि सरकारला २५,००० रुपये द्यायला लावले. पैशांची चणचण हे सरकारचं उत्तर चालणार नाही, असंही म्हटलं.

पोलीस केसबद्दल थोडक्यात. फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ, अक्षम्य बेफिकिरी लागते. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून पोलिसांना आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. त्यात शिक्षा होईल, पण घरच्यांच्या हातात पैसा त्यातून सहसा येत नाही. मेडिकल कौन्सिलही डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करते, भरपाई देत नाही. आणि रागाच्या भरात तोडफोड केली तर २०१० च्या राज्य कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम आपल्याच गळ्यात येते. खऱ्या केसचं वाटोळं असंच होतं.

खरी लढाई कागदांची असते. आपली माणसं पेशंटला घाईघाईने लातूर-हैदराबादला हलवतात आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' या कागदावर न वाचता सही करतात. सही करावीच लागली तर न्यायचं कारण खाली स्वतःच्या हाताने लिहा. चिरफाड नको म्हणून शवविच्छेदन टाळतात, ते तर फार महागात पडतं, कारण मृत्यूचं कारण सांगणारा दुसरा पुरावा बहुधा नसतोच. बोलायला अवघड आहे, मला माहीत आहे. पण घरातल्या कोणी तरी एकाने त्या वेळी हे बोलावं लागतं.

त्या पालकांना मी त्या दिवशी वहीच्या पानावर जो अर्ज लिहून दिला, तो खाली देतो. नावं-तारखा बदलून कोणालाही वापरता येईल.

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक. विषय: उपचाराची कागदपत्रे मिळणेबाबत. महोदय, माझी पत्नी दि. ___ ते दि. ___ या काळात आपल्या रुग्णालयात दाखल होती. नोंदणी क्रमांक ___. तिचा संपूर्ण केसपेपर, शस्त्रक्रियेच्या नोंदी, संमतीपत्र, नर्सिंगच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल व डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती मिळाव्यात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणीपासून ७२ तासांत प्रती देणे आवश्यक आहे. प्रतींचा खर्च भरण्यास मी तयार आहे. आपला विश्वासू."

दोन प्रती काढायच्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायची. तीन दिवसांत काही आलं नाही तर सरकारी दवाखान्यात माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्याला तीस दिवस. त्या पालकांना कागद दुसऱ्या अर्जानंतर मिळाले, एकशे बारा पानं. आता ते विधी सेवेच्या वकिलाकडे आहेत.