विश्लेषण : सुरुवातीला कौतुक, शेवटी निराशा! ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’च्या दहाव्या सीझनचा ‘टक्का’ नेमका कशाचा?

वेबसिरीज निवडताना अनेक जण आधी ‘रॉटन टोमॅटोज’वरचा टक्का पाहतात. तो बरा दिसला की शनिवार-रविवार त्या सीझनच्या नावे. पण समीक्षकांची बहुतांश परीक्षणे पहिल्या काही भागांवर लिहिलेली असतात. सीझन शेवटाकडे घसरला तर ते या आकड्यात फारसे उतरत नाही. २०२१मध्ये आलेला ‘अमेरिकन हॉरर स्टोरी : डबल फीचर’ हा सीझन त्यासाठी मुद्दाम पाहण्यासारखा आहे.

एका तिकिटात दोन सिनेमे

रायन मर्फी आणि ब्रॅड फालचक यांची ही मालिका ‘एफएक्स’ वाहिनीवर २०११मध्ये सुरू झाली. ती अँथॉलॉजी आहे. म्हणजे दर सीझनला कथा, स्थळ, काळ नवे. कलाकार मात्र बरेचसे तेच. करोनामुळे दहाव्या सीझनचे चित्रीकरण लांबले आणि तो २५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाला. नवव्या सीझनमध्ये नसलेले सारा पॉल्सन आणि इव्हान पीटर्स परतले. ‘होम अलोन’मधला मॅकॉली कल्किनही आला. अपेक्षा वाढल्या होत्या त्या यामुळे.

एकूण भाग १०. पहिले ६ ‘रेड टाइड’चे, उरलेले ४ ‘डेथ व्हॅली’चे.

समीक्षकांना काय भावले?

‘रेड टाइड’ घडते मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाऊन या समुद्रकाठच्या गावात. हिवाळ्यामुळे पर्यटक गेलेले, गाव ओस. लिखाण अडलेला पटकथा लेखक हॅरी (फिन विट्रॉक) गरोदर पत्नी आणि मुलीसह तिथे येतो. त्याला एक काळी गोळी मिळते. ती घेतली की लेखणी सुसाट सुटते, बदल्यात रक्ताची तहान लागते. खरी मेख पुढे आहे. ज्याच्या अंगी मुळात प्रतिभाच नाही, त्याने ती गोळी घेतली तर तो टक्कल पडलेला, पांढराफटक, गल्लीबोळांत भटकणारा रक्तपिपासू होतो.

रक्तपिपाशांच्या कथा ढिगाने आहेत. पण ‘गोळी घेतली तर आपण कोणत्या गटात जाऊ?’ ही भीती कलेच्या क्षेत्रात धडपडणाऱ्या कुणालाही झोंबणारी. आधीच्या काही सीझनमध्ये उपकथानकांची खिचडी झाली होती. इथे मोजकी पात्रे, एक गाव आणि एकच प्रश्न. ही मालिका पुन्हा सूर पकडते आहे, असे समीक्षकांना वाटले ते यामुळेच.

गाडी घसरली कुठे?

सहाव्या भागात. पाच भाग संथपणे रचलेली गोष्ट ‘विंटर किल्स’ या एका भागात घाईघाईने गुंडाळली जाते आणि प्रॉव्हिन्सटाऊन सोडून थेट लॉस एंजेलिसला पोहोचते. पाठोपाठ ‘डेथ व्हॅली’. त्यात १९५०च्या दशकातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर परग्रहवासीयांशी करार करतात : तंत्रज्ञान घ्या, बदल्यात नागरिकांवर प्रयोग करू द्या. हा भूतकाळ कृष्णधवल चित्रित केला आहे आणि कल्पनाही दमदार आहे. पण त्याच ४ भागांत आजच्या काळातले कॉलेजचे मित्रमैत्रिणी (मुलगेसुद्धा!) गरोदर राहण्याची दुसरी गोष्ट कोंबल्याने दोन्ही अर्धवट राहतात. दोन चित्रपट कुठे तरी जुळतील म्हणून वाट पाहणाऱ्यांच्याही हाती फार काही लागत नाही.

मग टक्का काय सांगतो?

‘रॉटन टोमॅटोज’ प्रत्येक परीक्षणाला ‘अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’ असा शिक्का मारते. अनुकूल परीक्षणांचे प्रमाण म्हणजे टक्का. ६० किंवा त्याहून जास्त असेल तर लाल टोमॅटो. कोणाला किती आवडले, हे यातून कळत नाही. समजा, १० समीक्षकांनी एका सीझनला १० पैकी ६ गुण दिले आणि सगळी परीक्षणे अनुकूल धरली गेली, तर टक्का १००. दुसऱ्या सीझनला सात जणांनी साडेनऊ आणि तिघांनी ४ गुण दिले, तर टक्का ७०. सरासरी मात्र पहिल्याची ६, दुसऱ्याची ७.८५! ‘मेटाक्रिटिक’ गुणांची सरासरी काढते, त्यामुळे तिथले चित्र थोडे वेगळे दिसते.

वेळेची अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच. वाहिन्या समीक्षकांना सहसा सुरुवातीचेच भाग आधी दाखवतात. परीक्षणे पहिल्या आठवड्यात येतात आणि शेवटच्या भागाबद्दल लिहिणारे मोजकेच उरतात. त्यावर उपाय म्हणजे ‘आयएमडीबी’वर प्रेक्षकांनी दिलेले भागवार गुण. सीझन कुठे घसरला, ते तिथे भागागणिक पाहता येते.

‘डबल फीचर’ अजून पाहिला नसेल, तर ‘रेड टाइड’चे पहिले पाच भाग साधारण चार तासांत होतात. ‘डेथ व्हॅली’ची गोष्ट स्वतंत्र असल्याने सहाव्या भागानंतर थांबले तरी काही अडत नाही.