नोकरी गेली? राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी हे वाचा

कारखाना बंद होतो किंवा मालक कामगार कमी करतो, तेव्हा हिशेब देताना पुष्कळदा राजीनाम्याच्या कागदावर सही मागितली जाते. थकलेला पगार लवकर मिळावा म्हणून कामगार ती करून टाकतो. पण बेकारीच्या काळात ज्या भत्त्यावर त्याचा हक्क असतो, तो या एका सहीने बुडू शकतो. म्हणून या योजनांची माहिती प्रत्येक कामगाराने ठेवावी.

राज्य कामगार विमा, म्हणजेच ई.एस.आय., ही केवळ दवाखान्याची सोय नाही. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना ती लागू आहे. २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी घेतली जाते. याच विम्यात बेकारीसाठी दोन योजना आहेत.

पहिली, २००५ साली सुरू झालेली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद झाल्याने, कामगार कपातीत किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर तिचा लाभ मिळतो. किमान दोन वर्षांची वर्गणी हवी. पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के, पुढील १२ महिने २५ टक्के भत्ता आणि त्या काळात कुटुंबासह औषधोपचार मिळतात. राजीनामा देणाऱ्यास किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्यास हा भत्ता नाही.

दुसरी, २०१८ ची अटल विमाधारक व्यक्ती कल्याण योजना. तिचा दर २०२० मध्ये २५ वरून ५० टक्के करण्यात आला. मदत जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. सरासरी रोजी ५०० रुपये धरली तर दिवसाला २५० प्रमाणे ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात. गैरवर्तनाबद्दल काढलेल्यास किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यास ही मदत मिळत नाही. या योजनेला ठरावीक मुदतीची वाढ मिळत आली आहे. म्हणून चालू मुदत व अटी ई.एस.आय. च्या शाखा कार्यालयात आधी विचारून घ्याव्यात.

अर्ज महामंडळाच्या संकेतस्थळावर भरून, त्यासोबत आधार कार्ड व बँक पासबुकाची प्रत द्यावी. २०२० पासून अटल योजनेचा अर्ज मालकामार्फतच पाठवण्याची गरज राहिलेली नाही. विमा क्रमांकावरील नाव, आधार व बँक खाते जुळते का, हे नोकरीत असतानाच तपासावे.

काम गेले नाही, पण मालकाने काही दिवस बसवून ठेवले तर? अशा वेळी वरील योजना लागू होत नाहीत. मात्र ५० किंवा अधिक कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात सलग वर्षभर नोकरी झालेल्या व हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला ले-ऑफची भरपाई मिळते. ती मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी असते. त्यासाठी ठरल्या वेळी कामावर हजर होऊन नोंद करावी.

विमा क्रमांकच नसेल, तर या दोन्ही योजनांची दारे बंद. भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या कितीतरी हातांची हीच अडचण आहे. म्हणून आपण कामावर असतानाच तीन गोष्टी कराव्यात: विमा क्रमांक मागून घ्यावा, पगारातून कापलेली वर्गणी जमा होते का ते पाहावे, पगारपत्रके जपून ठेवावीत. आणि नोकरी जाण्याची वेळ आलीच, तर राजीनाम्याऐवजी कामावरून कमी केल्याचे लेखी पत्र मागावे.