मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची राखण

बेअरिंग बसवण्यासाठी 25 मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट ‘एच-6’ मापात मागितला असेल, तर तो करणाऱ्याला मिळणारी मुभा एकूण 13 मायक्रॉनची असते. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. भोसरी, चाकण किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या शॉपमध्ये अशा मापाचे काम रोजचे आहे, आणि ते पास की नापास हे ठरते ऑपरेटरच्या हातातल्या मायक्रोमीटरवर. 0 ते 25 मिलिमीटरच्या साध्या मायक्रोमीटरची 4 मायक्रॉनपर्यंतची चूक प्रमाणकांनी बराच काळ क्षम्य मानली आहे. म्हणजे धडधाकट हत्यारही मुभेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाऊन टाकू शकते. ते झिजलेले असेल, तर पुढचा सगळा निर्णय अंदाजाचा. लेथ बिघडला की आवाज करतो, कामावर ओरखडे उमटतात. मायक्रोमीटर बिघडला तरी तितक्याच ठामपणे आकडा दाखवत राहतो. म्हणूनच मापाची हत्यारे राखणे हे मला मशीनच्या देखभालीपेक्षा अवघड काम वाटते.

मायक्रोमीटर म्हणजे मुळात एक स्क्रू. पॅरिसच्या ज्याँ लोराँ पामर यांनी 1848 मध्ये त्याचे हातात धरण्याजोगे रूप पेटंट केले, आणि आजचा मायक्रोमीटर त्याच घराण्यातला आहे. स्क्रूचा पिच अर्धा मिलिमीटर, थिंबलवर, म्हणजे बोटांनी फिरवायच्या नळीवर, 50 रेघा. थिंबलचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. सगळी भिस्त त्या आट्यांवर आणि एकमेकांसमोर येणाऱ्या दोन सपाट तोंडांवर, अँव्हिल आणि स्पिंडलवर. झीजही तिथेच होते. बिडाच्या कास्टिंगचे काम असेल तर बारीक भुकटी आणि वाळूचे कण तोंडांना पॉलिश कागदासारखे घासतात. दिवसभर एकाच व्यासाचे जॉब मोजले, तर आट्यांचा तेवढाच पट्टा सैल होतो आणि बाकीचा नवाकोरा राहतो.

झिरो जुळला की मायक्रोमीटर बरोबर, हा समज शॉपमध्ये फार पक्का आहे. झिरो जुळतो म्हणजे स्क्रूची एक जागा बरोबर आहे, एवढेच कळते. पुढच्या 25 मिलिमीटरचे काय? ते तपासण्यासाठी ठरलेली मापे पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटतात: 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9, 15.0, 17.6, 20.2, 22.8 आणि 25.0. पाच, दहा, पंधरा अशी पूर्ण मापे का घेत नाहीत? कारण पाच, दहा, पंधरावर थिंबल प्रत्येक वेळी फिरून शून्याच्या रेघेवरच येते. स्क्रू किंचित वाकडा असेल, किंवा थिंबलच्या रेघा मध्यावर नसतील, तर चूक प्रत्येक फेऱ्यात वाढते आणि फेरा पुरा होताना पुन्हा नाहीशी होते. शून्याच्याच रेघेवर तपासणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही. 5.1 वर थिंबल दहाव्या रेघेवर असते, 7.7 वर विसाव्या, 10.3 वर तिसाव्या, 12.9 वर चाळिसाव्या. लांबीभर पुढे सरकत असतानाच थिंबलचा फेराही कोपऱ्याकोपऱ्यातून चाचपला जातो. दहा आकड्यांत हे ज्याने बसवले, त्याला स्क्रूच्या खोड्या आतून माहीत होत्या. मापनशास्त्रातली ही युक्ती मला सर्वांत देखणी वाटते.

तोंडांची तपासणी याहून नाजूक. त्यासाठी काचेच्या चार चकत्यांचा संच असतो, प्रत्येक चकतीची दोन्ही तोंडे सपाट आणि समांतर. चकती अँव्हिल-स्पिंडलमध्ये हलकेच धरायची आणि एकरंगी प्रकाशात पाहायची. काच आणि पोलाद यांच्यामधल्या फटीत प्रकाशाचे पट्टे उमटतात. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत फटीत पडणारा फरक प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीइतका, म्हणजे सुमारे 0.3 मायक्रॉन. पट्टे सरळ तर तोंड सपाट, वाकलेले तर झिजलेले. चकत्या चारच का, तर त्यांच्या जाडीत स्क्रूच्या पावफेऱ्याएवढा फरक ठेवलेला असतो. स्पिंडल पाव, अर्धा, पाऊण फिरला तरी तोंडे समांतर राहतात का, हे त्यावरून कळते.

मायक्रोमीटर ज्यांच्याशी ताडून पाहायचा ते स्लिप गेज, म्हणजे कडक पोलादाच्या चौकोनी वड्या, कार्ल एडवर्ड योहान्सन यांची देणगी आहेत. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना गावच्या सरकारी बंदूक कारखान्यात ते काम करत. तेव्हा बंदुकीच्या प्रत्येक भागाच्या प्रत्येक मापाला वेगळे गेज लागे, आणि कारखान्यात गेजांचे ढीग साचत. 1894 मध्ये जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ इथे माउझरच्या कारखान्यात हाच पसारा त्यांनी पाहिला आणि तो आटोपता कसा येईल याचा विचार सुरू केला. 1896 पर्यंत उत्तर तयार होते: निवडक 102 वड्या, ज्या जोडून 1 ते 201 मिलिमीटरमधली 20,000 मापे मिळतील, 0.01 मिलिमीटरच्या पायरीने. शेवटचे घासकाम त्यांनी घरी, पत्नीच्या शिवणयंत्रात फेरफार करून केले. स्वीडिश पेटंट मात्र काही वर्षांनी मिळाले. पुढे 1923 मध्ये ते अमेरिकेत फोर्ड कंपनीत गेले. तेव्हा इंचही सगळीकडे एकच नव्हता: इंग्लंडचा 25.4 मिलिमीटरहून केसभर कमी होता आणि अमेरिकेचा किंचित जास्त. योहान्सन यांनी आपल्या वड्यांसाठी नेमका 25.4 धरला. 1959 मध्ये इंग्रजी भाषक देशांनी तोच अधिकृत केला, तोवर शॉप फ्लोअरवर तो कधीच रुळला होता.

दोन वड्या स्वच्छ करून एकमेकींवर घासत फिरवल्या की त्या चिकटतात. तोंडांची सपाटी आणि त्यांच्यातला द्रवाचा अतिशय पातळ थर यांची ही करामत आहे. जोडाची जाडी मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणून वड्यांच्या मापांची सरळ बेरीज करता येते. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या 87 नगांच्या संचातून 41.236 हवे असेल, तर शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करायची: 1.006, मग 1.23, मग 9 आणि 30. चारच वड्या. जितक्या वड्या कमी तितके जोड कमी आणि चुकीला वावही कमी.

या वड्यांचा पहिला शत्रू माणसाचा घाम. उघड्या बोटाचा ठसा राहिला की त्याच रेषांनी गंज चढतो, आणि काहींच्या हाताला तो इतरांपेक्षा लवकर चढतो. पुण्याच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत तर एक रात्रही पुरते. म्हणून शमॉय चामडे, काम संपताच पेट्रोलने पुसणे, तेलाचा पातळ हात आणि पेटीत जागेवर ठेवणे. जोडलेल्या वड्या रात्रभर तशाच ठेवू नयेत, नाहीतर सकाळी सोडवताना तोंडाचा कपचा निघू शकतो. मायक्रोमीटरची निगा सोपी आहे, पण ती रोजची हवी. दोन तोंडांमध्ये स्वच्छ कागद हलका धरून ओढून काढला की धूळ त्याच्याबरोबर जाते. पेटीत ठेवताना तोंडे मिटवू नयेत, थोडी फट ठेवावी, म्हणजे तापमान बदलले तरी फ्रेमवर ताण येत नाही. रॅचेट फिरवायचा तो ठरावीक दाबासाठीच. थिंबल हाताने पिळणाऱ्याचे माप त्याच्या मनगटावर अवलंबून असते.

मोजमापाचे जागतिक प्रमाण-तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. आपल्या मे महिन्यात शॉपमध्ये 40 अंश असतात. एका अंशाला पोलाद मीटरमागे 11.5 मायक्रॉन वाढते, म्हणजे 100 मिलिमीटरचा तुकडा 20 अंशांच्या फरकाने 23 मायक्रॉन लांबतो. जॉब पोलादी, हत्यार पोलादी आणि दोन्ही सारखेच तापलेले, तर वाढ वाढीत जिरते. ॲल्युमिनियमचा जॉब असेल तर ती जिरत नाही. तो सुमारे दुप्पट वाढतो आणि 23 मायक्रॉनचा फरक मापात उघडा पडतो. कूलंटखालून काढलेला किंवा ग्राइंडरवर तापलेला जॉब तडक मोजला, तर उत्तम मायक्रोमीटरही खोटे सांगेल. जॉब आणि हत्यार एकाच सरफेस प्लेटवर तासभर शेजारी पडू द्यावेत, ही जुन्या फिटरांची शिस्त. उत्पादनाच्या घाईत सर्वांत आधी तिचाच बळी जातो, आणि याचे मला वाईट वाटते.

शॉपमधला मायक्रोमीटर स्लिप गेजांशी ताडला जातो, शॉपच्या वड्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या वड्यांशी, आणि त्या पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोहोचतात. तिथे लांबी लेझरच्या प्रकाशाने मोजतात. 1983 पासून मीटर ठरतो तो प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाच्या 1/299792458 भागात किती अंतर कापतो त्यावर. भारत 1957 मध्ये मीटर कराराचा सदस्य झाला, आणि त्या कराराचा धागा असा भोसरीच्या वर्कबेंचपर्यंत येतो. प्रत्येक पायरीवर शंका थोडी वाढते. म्हणूनच चांगल्या प्रमाणपत्रावर मापाशेजारी अनिश्चितताही छापलेली असते. तो आकडा वाचायचा असतो, आणि तो वाचणारे फार थोडे.

बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र फाईलमध्ये जाते आणि हत्यारावर पुढची तारीख लिहिलेला स्टिकर चढतो. ऑडिटर स्टिकर पाहतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण प्रमाणपत्र ज्या दिवशी लिहिले त्या दिवसापुरते खरे असते. दुसऱ्याच दिवशी मायक्रोमीटर हातातून फरशीवर पडला, तर स्टिकरला त्याचा पत्ता लागत नाही. पडलेले हत्यार तारीख बाकी असली तरी तपासल्याशिवाय वापरू नये, आणि ‘माझ्याकडून पडले’ हे सांगण्याची ऑपरेटरला भीती वाटू नये. ही भीती घालवणाऱ्या एका सुपरवायझरची किंमत दहा स्टिकरांहून जास्त.

वर्षाअखेरच्या तपासणीत हत्यार मर्यादेबाहेर निघाले की खरा प्रश्न मागचा असतो. गेल्या तपासणीनंतर याने मोजलेले किती जॉब बाहेर गेले? कोणत्या मापाचे, कोणत्या ग्राहकाकडे? हे शोधावेच लागते, आणि शोधता यावे म्हणून रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहून भागत नाही. दहाही बिंदूंवरची चूक आकड्यात लिहावी लागते. सलग काही वर्षांचे आकडे असले की हत्यार बोलू लागते. एखाद्याची चूक फक्त 12.9 च्या आसपास वाढते, म्हणजे त्या व्यासाच्या जॉबने आटे खाल्ले. कास्टिंग लाइनवरच्या मायक्रोमीटरची तोंडे सहा महिन्यांत उतरतात, तर टूलरूममधला तीन वर्षे तसाच राहतो. मग दोघांना एकच बारा महिन्यांची मुदत कशाला? कास्टिंगवाल्याला तीन महिन्यांनी तपासणीला बोलवावे, त्या लाइनला कार्बाइडच्या तोंडांचा मायक्रोमीटर द्यावा, आणि मर्यादेबाहेर गेलेल्याला लाल पट्टी मारून शॉपमधून बाहेर काढावे. कच्च्या कामाला चालेल म्हणून तो कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये ठेवला, तर रात्रपाळीत फिनिशिंगलाही तोच वापरला जातो.