जुन्या जीपचा गंज, जस्ताचा मुलामा आणि तुमचं कोटेशन

मागच्या व्हिडिओत आपण जुन्या गाड्या रिस्टोअर करण्याच्या व्यवसायाबद्दल बोललो. त्यात एक विषय दोन मिनिटांत गुंडाळावा लागला, तो म्हणजे गॅल्व्हनायझिंग. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले, म्हणून आज तो सविस्तर घेऊ.

जुनी विलीज किंवा महिंद्राची सीजे-३बी घेऊन येणारा ग्राहक हौशी असतो. तो खर्च करतो, पण एक प्रश्न हमखास विचारतो, "परत गंज नाही ना येणार?" गाडी अलिबाग, रत्नागिरी, मालवण अशा पट्ट्यात फिरणार असेल तर हा प्रश्न रास्तच आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात नुसता रंग किती टिकणार?

इंग्लंडमध्ये लँड रोव्हरवाल्यांना हाच त्रास आहे, कारण तिथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. १९४८ मध्ये पहिली लँड रोव्हर आली तेव्हा तिची बॉडी बरीचशी ॲल्युमिनियमची होती. चासिस मात्र लोखंडी, आणि गंजायची तीच. आज तिथं जुन्या लँड रोव्हरसाठी गॅल्व्हनाइज्ड चासिस तयार विकत मिळते. आपल्याकडे जुन्या जीपचं हे काम बहुतेक वेळा आहे त्याच चासिसवर करून द्यावं लागतं. म्हणजे आपल्यासाठी ही सेवा आहे, आणि सेवा नीट समजल्याशिवाय तिचा भाव सांगता येत नाही.

आधी समजून घ्या: होतं काय?

कल्हईवाला आठवतोय? भांडं घासायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मग कथील फिरवायचा. हॉट डिप गॅल्व्हनायझिंगचं तत्त्व तेच आहे, फक्त इथं कथलाऐवजी जस्त. आधी तेल-ग्रीस काढतात, मग ॲसिडमध्ये गंज काढतात, मग फ्लक्सच्या पाण्यात बुडवतात. या फ्लक्समध्ये नवसागरही असतो. शेवटी साधारण ४५० डिग्री सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात अख्खा पार्ट बुडवतात.

रंग लोखंडावर नुसता बसतो. जस्त लोखंडाशी मिसळून थर तयार करतं. ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १.५ ते ३ मिमी जाडीच्या स्टीलवर सरासरी ५५ मायक्रॉन आणि ३ ते ६ मिमीवर ७० मायक्रॉन थर हवा. आपल्या एमआयडीसीत नट-बोल्टला जे झिंक प्लेटिंग करतात, तो थर साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा असतो. दोन्हीला लोक "झिंक केलं" असंच म्हणतात. तुम्ही म्हणू नका. कोटेशनवर प्रक्रियेचं नाव स्पष्ट लिहा.

कुठला पार्ट कुठं पाठवायचा?

खरी अक्कल इथं लागते. जीप खोलल्यावर पार्टचे तीन ढीग करा.

पहिला ढीग हॉट डिपचा: चासिस, बंपर, बॅटरी ट्रे, जाड ब्रॅकेट, हुडाच्या पाइपची फ्रेम.

दुसरा ढीग झिंक प्लेटिंगचा: साधे नट-बोल्ट, वॉशर, क्लिपा, छोटे ब्रॅकेट. हे हॉट डिप केले तर आट्यांमध्ये जस्त भरतं आणि नट फिरत नाही.

तिसरा ढीग दोन्हीकडं न पाठवण्याचा: कमानीचे पाटे, स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे पार्ट, १२.९ ग्रेडचे कडक बोल्ट. ॲसिडमुळं कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि पार्ट ठिसूळ होऊ शकतो. वरून चकचकीत दिसणारा बोल्ट घाटात तुटला तर? इथं प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे. बोनेट आणि मडगार्डचा पातळ पत्राही याच ढिगात. त्या उष्णतेत तो वाकतो आणि मग डेंटरही हात टेकतो. त्याला चांगला इपॉक्सी प्रायमर बरा.

ग्राहक म्हणेल, "सगळंच बुडवा ना!" तेव्हा नाही म्हणता आलं पाहिजे, आणि का नाही तेही सांगता आलं पाहिजे. त्यातूनच त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो.

टाकीत जाण्याआधी

१. सगळं वेल्डिंग आधी उरका. नंतर वेल्डिंग केलं तर तिथलं जस्त जळतं, आणि त्याच्या धुरानं वेल्डरला थंडी वाजून ताप येतो.

२. जुना रंग, पुट्टी, वेल्डिंगचा स्लॅग ॲसिडनं निघत नाही. सँड ब्लास्टिंग करून घ्या, नाहीतर तिथं जस्त धरत नाही.

३. बंद पाइपला आणि बॉक्स सेक्शनला दोन्ही टोकांना भोकं पाडा. आत अडकलेली हवा आणि पाणी तापून पार्ट फुटू शकतो आणि उकळतं जस्त कामगारांच्या अंगावर उडू शकतं. भोकं कुठं आणि किती मोठी हवीत, ते प्लांटच्या सुपरवायझरला विचारून ठरवा.

४. जुन्या चासिसमध्ये रिव्हेट मारलेल्या दुहेरी पट्ट्या असतात. त्यांच्या फटीत ॲसिड राहिलं तर नंतर तांबूस ओघळ येतात. ग्राहकाला हे आधीच सांगा. आधी सांगितलेली गोष्ट माहिती ठरते, नंतर सांगितलेली सबब.

५. चासिस नंबर! जस्ताचा थर नंबरात भरून तो पुसट होऊ शकतो. आधी फोटो घ्या, पेन्सिलनं कागदावर ठसा घ्या आणि नंबर झाकण्याबद्दल प्लांटशी बोला. पुसट झाला म्हणून स्वतः पंच मारायचा नाही. आरटीओशी आधी बोलून घ्या.

हा शेवटचा मुद्दा आणखी एका कारणानं महत्त्वाचा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण चासिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा. मूळ चासिस वाचवणं म्हणजे ग्राहकाचा तो हक्क वाचवणं.

टाकीतून आल्यावर

आटे साफ करा. जस्ताचे टोकदार थेंब घासा. मायक्रॉन मीटरनं जाडी मोजून लिहून ठेवा. रंग द्यायचा असेल तर हलकं ब्लास्टिंग करून इपॉक्सी प्रायमर मारा, कारण गुळगुळीत जस्तावर थेट मारलेला रंग सालासारखा निघतो. आणि पावसाळ्यात ओले पार्ट एकावर एक रचून ठेवू नका, पांढरी भुकटी धरते.

आता हिशोब

ग्राहक म्हणतो, "प्लांटवाला किलोला वीस रुपये घेतो, तुम्ही एवढे कसे?" समजा काम १२० किलोचं आहे. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव टाका.

– डिपिंग: १२० × २० = २,४०० रुपये
– टेम्पो जाऊन-येऊन: ३,००० रुपये
– सँड ब्लास्टिंग: ४,५०० रुपये
– भोकं, सफाई, आटे, मजुरी: ३,२०० रुपये
– हलकं ब्लास्टिंग आणि प्रायमर: ३,६०० रुपये

एकूण १६,७००. त्यात डिपिंग किती? साधारण १४ टक्के. बाकी सगळं टाकीच्या आधीचं आणि नंतरचं काम. धंदा तिथंच आहे. प्लांट टाकायला कोटींचा विचार करू नका. प्लांट आणि गॅरेज यांच्या मधली जागा रिकामी आहे, ती भरा.

भाव काढताना एक काळजी घ्या. १६,७०० वर २५ टक्के चढवले तर २०,८७५ होतात, पण विक्रीवर मार्जिन फक्त २० टक्के पडतं. विक्रीवर २५ टक्के हवे असतील तर १६,७०० भागिले ०.७५, म्हणजे सुमारे २२,२७० रुपये. जुन्या लोखंडात ब्लास्टिंगनंतर भोकं निघतातच, म्हणून "जास्तीचं वेल्डिंग वेगळं आकारलं जाईल" ही ओळ कोटेशनवर हवीच.

या आठवड्याचा गृहपाठ

जवळच्या गॅल्व्हनायझिंग प्लांटला भेट द्या आणि पाच गोष्टी वहीत लिहून आणा: टाकीची लांबी-रुंदी-खोली, किलोचा दर, कमीत कमी किती किलोचं काम घेतात, किती दिवसांत देतात, आणि जाडीचा रिपोर्ट देतात का. ज्याच्या वहीत ही पाच उत्तरं आहेत, तो पुढच्या जीपवाल्याशी आत्मविश्वासानं बोलेल.