करपल्याचा वास

मैत्रिणींनो, काही करपलं की वास आधी आपल्याला येतो. मागच्या हंगामात मला तो आला, पण चुलीपाशी नाही, बांधावर. भाकरी घेऊन गेले होते. उसाची ट्रॉली शेतातून रस्त्यावर चढवताना आमचा जुना ट्रॅक्टर नुसताच ओरडत होता. इंजिनचा आवाज वाढतोय, चाक मात्र जागेवर. मी म्हटलं, "अहो, काहीतरी करपतंय." हे म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच!"

करपत होती क्लच प्लेट.

आमच्या सोनईत मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर ट्रॅक्टर उभा राहिला, की घराचं सगळं गणितच बिघडतं. यांनी तो विकायचं ठरवलं. जुन्याला भाव भंगाराचा आणि नव्याचे हप्ते पुढची कितीतरी वर्षं. त्यात लेकीच्या कॉलेजची फी तोंडावर. मी म्हटलं, "आधी उघडून तर बघू." दुरुस्तीपुरते पैसे बचत गटातून काढले.

शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावायची जुनी रीत आहे. क्लचचं उलटं. तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दडलेला, आत जायला दारच नाही. ठोकळे लावून ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत उघडावा लागतो. खरी मेहनत त्यातच. म्हणून एकदा उघडला की आतलं सगळं बघून घ्यायचं.

प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलं होतं. रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले होते. "वहिनी, ही प्लेट कधी टाकली होती?" मिस्त्रींनी विचारलं. मी हिशेबाची वही काढली. जेमतेम वर्ष झालं होतं. तेव्हा दुसरीकडे काम केलं होतं आणि बिलात फक्त प्लेट होती. मिस्त्रींनी आत बोट फिरवून दाखवलं. बोट तेलकट! क्रँकच्या मागचं ऑईल सील गळत होतं. तेल लागलं की प्लेट घसरते, घसरली की तापते, तापली की जळते. भिंतीची ओल न काढता वरून रंग दिल्यासारखंच की हे!

या वेळी सील, प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदललं. फ्लायव्हील लेथवर सपाट करून घेतलं. गिअरबॉक्सचं तेलही पाहिलं. तेलात चमचमणारा चुरा दिसला तर गिअर नाहीतर बेअरिंग झिजतंय, तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. आमचं ठीक निघालं. मागचे क्राऊन-पिनियन झिजले तर मात्र जोडीनंच बदलायचे. एक नवा, एक जुना असा संसार तिथं टिकत नाही.

जाताना मिस्त्री यांना म्हणाले, "मालक, पाय क्लचवर टेकवून चालवू नका." पेडल थोडं मोकळं हललं पाहिजे, त्याचं माप कंपनीच्या पुस्तकात असतं. ही मोकळी चाल संपली की प्लेट पुरती धरत नाही आणि झिजत राहते.

हंगाम पार पडला, गटाचे हप्ते वेळेवर गेले, फीही भरली. मैत्रिणींनो, ट्रॅक्टर चालवता येत नसला तरी वही तुमच्याकडे ठेवा. कोणता भाग, कधी, का बदलला ते लिहा आणि काढलेला जुना भाग मागून बघा.

आता बांधावर गेले की हेच विचारतात, "वास येतोय का गं?"