बांधलेल्या फुग्याचे स्थैर्य

मावळात कामशेतच्या परिसरात गेल्या काही वर्षांत पॅराग्लायडिंगबरोबरच उष्ण हवेच्या फुग्यांतून आकाशफेरीही घडविली जाऊ लागली. असा फुगा दोराने जखडून ठेवला म्हणजे तो मोकळ्या फुग्याहून निर्धोक होतो, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती तपासून पाहावयास हवी.

मोकळा फुगा वाऱ्याबरोबर वाहत असल्यामुळे टोपलीतील माणसाला वारा जवळजवळ जाणवतच नाही. दोर बांधताच मात्र तोच वारा फुग्यावर आदळू लागतो. हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदास ३ मीटरचा वारा ६ मीटर झाला, की रेटा चौपट होतो. वर उचलणारे बल काही त्यामुळे वाढत नाही. साहजिकच दोर कलतो व फुगा जमिनीकडे झुकतो.

येथे 'स्थैर्य' हा शब्द आपणांस चकवितो. 'स्था' धातूपासून आलेला हा शब्द न हलणे सुचवितो. यंत्रशास्त्रात मात्र त्याच्या पोटात दोन निराळे प्रश्न आहेत. ढळलेली वस्तू मूळ जागेकडे वळते काय, हे स्थितिक स्थैर्य. वळताना होणारे तिचे हेलकावे विरत जातात की वाढत जातात, हे गतिक स्थैर्य. पहिले असूनही दुसरे नसणे शक्य असते. गोल फुग्याच्या पाठीमागे हवेचे भोवरे आलटूनपालटून सुटतात, त्यामुळे एकसारख्या वाऱ्यातही तो आडवा झुलतो. भोवऱ्यांचा ठेका त्याच्या स्वाभाविक आंदोलनाशी जुळला, तर झोके मोठे होतात.

यावर उपाय म्हणून पार्सेव्हाल व सिग्सफेल्ड यांनी १८९० च्या दशकात लांबट 'पतंगी' फुगा सिद्ध केला. पहिल्या महायुद्धात काको याने शेपटाशी तीन पंख बसविले. मुले पतंगाला शेपटी लावतात ती काही निराळ्या हेतूने नव्हे! परंतु पंखांनी सारे साधत नाही. तोंड वाऱ्याकडे वळणे आणि आडवे सरकणे यांचा मेळ दोराच्या लांबीवर व तो कोठे बांधला यावरही अवलंबून असतो. तो मेळ बिघडला, की पंख असलेला फुगाही पतंगासारखा गोता खातो.

मावळात पहाटे हवा बहुधा शांत असते. ऊन चढले, की डोंगरउतार तापून ऊर्ध्वप्रवाह सुटतात आणि वारा झटक्याझटक्याने वाहू लागतो. अशा वेळी दोर जाड करून भागत नाही. जाड दोर तुटणार नाही इतकेच, हेलकावे तसेच राहतील.